तोतरं पुस्तक

आमच्या ह्यांना म्हातारपणी वाचनाचं वेड लागलं आणि घरात बायको आहे हेच ते विसरले. दारूचं लागलं असतं तर निदान चारचौघींत बसून रडता आलं असतं. वाचनाची तक्रार करायची कोणाकडे? थोरलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणते, "आई, किती छान गं! बाबांनी जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं बांधली, आता स्वतः वाचतायत." छान म्हणे. तिला म्हणायला काय जातंय. ती राहते परगावी, आणि तिचा नवरा सकाळपासून झोपेपर्यंत बडबडत असतो. तिला शांततेची हौस आहे. म्हटलं, ये आणि घेऊन जा, गोणी भरून देते.

तर ती आली नाहीच, वर पुस्तकांचं आणखी एक पार्सल पाठवून दिलं.

सकाळचा चहा झाला की हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार. मांडीवर पुस्तक, मान खाली. मी विचारते, "भाजी कुठली करू?" तर "कुठलीही." "धाकट्याचा फोन आला होता." "हं." "जिन्याचा कठडा हलतोय." "हं." एकदा चिडून म्हटलं, "मी घर सोडून चालले." त्यालाही "हं", आणि पान उलटलं. मी गेले नाही ती गोष्ट वेगळी. पण अपमान व्हायचा तो झाला.

आणि हा मनुष्य गप्प बसणारा नव्हता हो. आमचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, याच घराच्या खालच्या मजल्यावर. छापखान्यातून भले मोठे छापील कागद यायचे. एका कागदाला घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे क्रमाने एकावर एक लावायचे, शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि दाबाखाली ठेवायचं. घड्या आणि फर्मे लावणं माझ्याकडे, शिलाईपासून पुढचं ह्यांच्याकडे. दिवसभर हात चालायचे आणि तोंडंही. गिऱ्हाइकांपासून सुनेपर्यंत कोणाला म्हणून सोडायचो नाही. कामाला ठेवलेल्या बाया म्हणायच्या, "तुम्ही भांडत नसलात की आम्हाला वाटतं आज सुट्टी आहे."

माझी शाळा बेताचीच. आधी आकडे ओळखीचे झाले, पानांचे, आणि मग त्या आकड्यांच्या आजूबाजूची अक्षरं. हजारो पुस्तकं माझ्या हातून गेली, पण वाचलं म्हणाल तर एक नाही. सुईण काही प्रत्येक मुलाचं पुढे काय झालं ते बघायला जात नाही.

मग ह्यांनी एक दिवस किल्ल्या धाकट्याच्या हातात दिल्या. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. धाकट्याने मशीन आणलं. ते गरम गोंद ओततं आणि पानं चिकटवून मोकळं होतं. पुस्तक पूर्ण उघडलं की त्याची पाठ मोडते. मी त्याला म्हटलं, "तू पुस्तक बांधत नाहीस, पाकीट चिकटवतोस." तर तो हसला. बाप मात्र काही बोलला नाही. बापाने वर येऊन खुर्ची धरली आणि पुस्तक उघडलं. मी धाकट्यावर महिनोन्‌महिने डूख धरला की यानेच बापाला बसवलं.

शेवटी मी ठरवलं, ही सवत दिसते तरी कशी ते बघू या.

दुपारी हे आत जाऊन आडवे झाले की मी त्या खुर्चीत बसायचे. खुर्ची गरम असायची. पुस्तक बाजूच्या स्टुलावर, खूण म्हणून आत बांधणीच्या कापडाची एक पट्टी. मी पट्टी हलवायची नाही, फक्त वाचायचं. माझं वाचणं म्हणजे बोट ओळीखाली आणि ओठ हलते. एक पान संपेपर्यंत दुपार संपायची कधी कधी.

पहिली होती कादंबरी. एक बाई खिडकीशी उभी राहून एका माणसाची वाट बघते. बघते म्हणजे किती? मी उठून भांडी घासून आले तरी ती तिथेच. तिच्या घरात पाणी कोण भरतं, केर कोण काढतं, याचा पत्ता नाही. पुढे तो माणूस येतो, आणि ही म्हणते, आता उशीर झाला. अगं बये, मग एवढा वेळ उभी कशाला होतीस? मला तिचा राग आला, पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी सारखी तिचाच विचार करत होते.

मग आला धर्मग्रंथ. मोठ्या टायपात होता, म्हणून मला बरा पडला. त्यात सगळं सोडा म्हणून सांगितलंय. घर सोडा, आशा सोडा, माझं-माझं म्हणणं सोडा. लिहिणाऱ्याचं जेवण त्या दिवशी कोणी रांधलं होतं ते त्यात कुठे मिळालं नाही. मात्र एका जागी लिहिलं होतं की ज्याचं कोणी ऐकत नाही त्याचं देव ऐकतो. ते पान मी दोन दुपारी वाचलं. मग त्या देवाला सांगून बघितलं मनातल्या मनात. ऐकत असेल, पण तोही "हं" करणाऱ्यातलाच निघाला.

तिसरा आला इतिहास. जाड, कापडी पुठ्ठा, जुजबंदी शिलाई, म्हणजे फर्मा न्‌ फर्मा दोऱ्याने शिवलेला. हातात घेतल्यावर बरं वाटलं, कोणीतरी मन लावून बांधलं होतं. एका राजाने दुसऱ्या राजाच्या शहराला वेढा घातलाय आणि आतली माणसं उपाशी मरतायत. मी वाचायच्या आधी सवयीने अंगठ्याने पानं सोडली. एका बाजूने फर्रकन आकडे बघत जायचे, ही माझी जन्माची खोड. आणि मधे अंगठा अडकला.

शहाण्णव पानानंतर पुन्हा एक्क्याऐंशी.

फर्मा दोनदा लागला होता. एक्क्याऐंशी ते शहाण्णव, आणि परत एक्क्याऐंशी ते शहाण्णव, आणि त्याच्या पुढचा फर्मा गायबच. आमच्या दुकानात अशा पुस्तकाला तोतरं म्हणायचे. बोललेलंच परत बोलतं आणि पुढचा शब्द गिळतं. हा ह्यांचाच शब्द. एकदा एका मोठ्या कामात एक तोतरी प्रत निघाली, तर ह्यांनी सगळा गठ्ठा उसवायला लावला होता. बायांच्या डोळ्यांत पाणी, छापखानेवाला हात जोडतोय की अहो, एका प्रतीने काय होतं. हे म्हणाले, "ज्याच्या हातात ती एक जाईल त्याला काय सांगू? त्याच्यापुरतं तर ते सगळंच पुस्तक तोतरं." दुसऱ्याचं बांधलेलं तोतरं पुस्तक हाताला लागलं तर ह्यांना सण. आख्ख्या दुकानाला हाक मारून दाखवायचे, त्या बांधणाऱ्याच्या सात पिढ्या काढायचे, आणि सगळ्यात आधी मला हाक. "अगं, इकडे ये, बघ गंमत!"

कापडाची पट्टी तेव्हा चाळिसाच्या आसपास होती.

मी पुस्तक होतं तसं ठेवलं. कोणाला बोलले नाही, थोरलीलाही नाही. पण माझ्या पायांत वारं भरलं. म्हटलं, पोचणार. आज ना उद्या हे तिथे पोचणार, आणि ओरडणार. "अगं, इकडे ये." मग मी हात पुसत पुसत जाणार, मुद्दाम हळू, आणि म्हणणार, "काय आता एवढं?" मग तो बांधणारा, त्याचं दुकान, त्याची शिलाई, आणि तिथून आमचं दुकान, त्या बाया, तो छापखानेवाला. एक आख्खी सकाळ तरी निघाली असती. रोज दुपारी मी पट्टी बघायचे. पन्नास. साठच्या पुढे. एके दिवशी अजिबात हलली नाही तर माझा जीव वरखाली. पुढल्या दिवशी पट्टी नव्वदला टेकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांगली साडी नेसले. हसू नका. चहाही दोनदा केला. हे खुर्चीत, मी दाराशी तांदूळ निवडायला. तांदळात एक खडा नव्हता, तरी निवडत होते. पान उलटल्याचा आवाज आला. मग परत. आणखी एक. आणखी एक. खिडकीतलं ऊन खुर्चीवरून भिंतीवर गेलं. हे उठले, पट्टी आत घातली, पुस्तक मिटलं आणि विचारलं, "जेवायला वाढतेस?"

दुपारी बघितलं. पट्टी दोन्ही फर्मे ओलांडून पुढे गेलेली.

मी तशीच बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की हा माणूस मेला आणि मला कोणी सांगितलं नाही. माझ्याशी बोलत नाही ते मी सोसत होते. पण तोतऱ्या पुस्तकावरून हा मुकाट पुढे जातो? बायको नकोशी झाली असेल, समजू शकते, माझं तोंड काही साखरेचं नाही. पण हे?

दुसऱ्या दिवशी मी खिडकीची तावदानं पुसायच्या निमित्ताने ह्यांच्या अगदी समोर उभी राहिले. इतके महिने मी लांबून बघत होते, दारातून, पाठीमागून. जवळून बघितलं आणि कळलं. वाचणाऱ्याचे डोळे चालतात. बोटावर वाचणाऱ्या माझ्यासारखीचेही चालतात. ह्यांचे उभे होते, पानाच्या मधोमध. थोडा वेळ गेला की हात पान उलटायचा, आणि डोळे परत तिथेच. मी फडकं ह्यांच्या तोंडापुढे धरलं. काही नाही. हलवलं तेव्हा म्हणाले, "काय गं, वारा आला?"

मग एकेक आठवायला लागलं. ताटातल्या भाजीवर मीठ दोनदा घेणं. दारात उभ्या शेजारणीला ओळख न देणं, ज्यावरून मी म्हटलं होतं, "शिंगं फुटली का?" वर्तमानपत्र बंद करणं, त्यात काही नसतं म्हणून. मी हे सगळं माज म्हणून धरलं होतं.

तेव्हाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मनात आलं, एकदा खात्री करू या. रात्रीचं आम्ही लवकर जेवतो, उजेड असतानाच. ताट वाढलं आणि म्हटलं, "इतिहास काय म्हणतोय?"

हे थबकले. माझ्याकडून असा प्रश्न कधी गेला नव्हता. मग म्हणाले, "चाललंय. राजा आहे एक."

"काय करतो तो?"

"वेढा घातलाय." थोरलीने पार्सल आलं तेव्हा ह्यांना फोनवर एवढं सांगितलं होतं, तेवढ्यावरच गाडी चालली होती.

"मग पुढे? त्या शहरातल्या माणसांचं काय?"

मला माहीत होतं काय झालं. त्या शहराचा राजा भुयारातून पळून गेला आणि लोकांनी दरवाजे उघडले. मी चार दुपारी घालवून वाचलं होतं. हे घास हातात धरून म्हणाले, "त्यांच्यात एक न्हावी होता."

"न्हावी?"

"हो. तो म्हणाला, मला बाहेर सोडा. त्या राजाची दाढी करतो. वेढा घालून एवढे महिने झाले, त्याची दाढी वाढली असेल."

"आणि गेला?"

"गेला की. वस्तरा घेऊन गेला. राजाच्या गळ्याशी वस्तरा, आणि बोलायला लागला. न्हावीच तो. बोलता बोलता राजाला स्वतःचं घर आठवलं."

न्हाव्याचा त्या पुस्तकात पत्ता नव्हता. हे सगळं पदरचं, जागच्या जागी रचलेलं. मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, ह्यांना अक्षर दिसत नाही. दुसरी, हे बोलत होते. हातवारे करून, मधे थांबून, गिऱ्हाइकाची नक्कल करायचे तसा आवाज काढून. मी ताटातलं गार करून ऐकत राहिले. शेवटी म्हटलं, "उद्या पुढचं सांगा."

मग ते रोजचंच झालं. आणि मी बोलले नाही. बोलले असते तर न्हावी गेला असता, आणि ह्यांची मान परत खाली. रोज जेवताना न्हावी नवीन काहीतरी करायचा. त्याला एक भांडखोर बायको निघाली, तिने त्याला पाठवताना वस्तऱ्याला धार लावून दिली. ती कोण ते मला कळत होतं. पण हे सांगतानाही ह्यांची मान थोडी वाकडी, नजर माझ्या कानाच्या पलीकडे. खोट्या पुस्तकातली खोटी गोष्ट ऐकून मी खुश व्हायचे आणि भांडी घासताना मला हुंदका यायचा. घरात दोन माणसं, आणि दोघंही एकमेकांपासून लपून बसलेली.

परवाचं सांगते. थंडी होती. आम्ही जेवायला बसलो होतो. मी शाल माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि पाणी आणायला आत गेले. पाय न वाजवता जायची माझी सवय नाही, पण पायात लोकरीचे मोजे होते. परत दारात आले तर हे बोलत होते.

"... आणि न्हाव्याची बायको घरी एकटी. तिला वाटतंय हा राजाकडे रमला. रमला नाही गं तो. वाट चुकलाय. परत यायचं आहे त्याला, पण अंधार इतका की रस्ता दिसेना, आणि कोणाला विचारावं तर लाज वाटते. कारण गावात सगळे म्हणतात, याच्यासारखी नजर कोणाची नाही..."

खुर्चीत मी नव्हते. माझी शाल होती. जन्मभर माझ्याशी जे बोलले नाहीत ते हा माणूस माझ्या शालीशी बोलत होता, आणि शाल कशी मुकाट ऐकत होती, माझ्यासारखी मधे तोंड घालत नव्हती. मला शालीचा हेवा वाटला. मग हे थांबले. म्हणाले, "काही बोलत नाहीस?" शाल काय बोलणार. ह्यांचा चेहरा हळूहळू पडला. पुन्हा म्हणाले, "अगं?" आणि हात पुढे करून टेबलावर चाचपडायला लागले. पेला आडवा झाला.

मग माझ्याने राहवेना.

"मी दारात आहे," मी म्हटलं.

हात जागच्या जागी थांबला. टेबलावरचं पाणी कडेने गळत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुकान दिलं त्याच्या आधीपासून." आवाज एकदम म्हातारा. "एक दिवस शिलाई घालताना सुई दिसेना. मधोमध धुकं, कडेचं दिसतं. धाकट्याला किल्ल्या दिल्या. त्यालाही सांगितलं नाही."

"आणि मी त्या पोराला बोल लावत बसले."

"ठाऊक आहे."

"पुस्तक कशाला धरलंत? नुसतं बसायचं होतं."

"नुसता बसलो असतो तर तू बोलायला आली असतीस." हे खाली बघत म्हणाले. "बोलायचं म्हणजे मान वर करावी लागते. तू समोर आलीस की केस दिसतात, खांदे दिसतात. तोंडाच्या जागी काहीच नसतं. तुला लगेच कळलं असतं की मी तुझ्याकडे बघतोय पण तुला बघत नाही."

"तो इतिहास तोतरा आहे," मी म्हटलं. "एक फर्मा दोनदा लागलाय."

ह्यांचे ओठ हलले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना रडताना मी बघितलं नव्हतं, आणि आता बघितलं ते ह्यांना दिसत नसताना.

मी सांडलेलं पाणी पुसलं. पेला उभा केला. शाल उचलून अंगावर घेतली आणि खुर्चीत न बसता ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"आता मी सांगते ते ऐका," मी म्हटलं. "डोळे गेले ते तुमचे गेले. त्याची शिक्षा तुम्हाला मिळालीच आहे, वर मी काय देणार. उद्या डॉक्टरकडे जायचं, तो म्हणेल ते करायचं, आणि धाकट्याला तुमच्या तोंडाने सांगायचं. पण आपल्यातलं बोलणं निम्मं माझं होतं. ते तुम्ही मला न विचारता बंद केलंत, आणि मी या घरात भुतासारखी फिरत राहिले. ही चोरी झाली, आणि मी ती पोटात घालणार नाही. माफ करायचं की नाही ते माझ्या सवडीने ठरवीन, घाई करू नका. तोवर जे बोलायचं ते मान वर करून बोलायचं, तोंड दिसो नाही तर न दिसो. आणि इकडे वळा आधी. मी या बाजूला आहे."